सालईचा डिंक आणि दुखरा गुडघा

उतारवयांत माणसाचा घरांतला मान वाढतो असें म्हणतात. पण जिन्याची पायरी तो मान ठेवीत नाहीं. देवापुढें मांडी घालून बसणें, पाटावर जेवणें, ओट्यावरून उठणें, या ज्या गोष्टी चाळीस-पन्नास वर्षें सहज घडत आल्या, त्या एके दिवशीं गुडघा नाकारूं लागतो, आणि मग त्या घरांत औषधांचा शोध सुरू होतो. शेजारी एक तेल सांगतात, जांवई शहरांतून एक डबी आणतात. अलीकडे या डब्यांवर एक नांव वारंवार दिसूं लागलें आहे. तें नांव म्हणजे शल्लकी. परदेशांत त्याच वस्तूवर ‘बॉस्वेलिया’ असें छापलेलें असतें. डबीवर एका झाडाचें चित्र, ‘शास्त्रानें सिद्ध’ हे दोन शब्द आणि बऱ्यापैकीं मोठी किंमत, इतक्या गोष्टी बहुधा असतातच. त्यांपैकीं झाड खरें आहे आणि किंमतही खरी आहे. मधल्या दोन शब्दांत सत्य किती, हें पाहणें हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

शल्लकी म्हणजे विदर्भांतील लोकांची सालई. सातपुड्याच्या उतारांवर, मेळघाटांत, नागपूरकडील रुक्ष व खडकाळ टेकड्यांवर, जेथें दुसरें झाड धड मूळ धरीत नाहीं, तेथें हें झाड आनंदानें उभें असतें. नागपूरजवळच्या सालई गोधनी या गांवाच्या नांवांत तें कायमचें जाऊन बसलें आहे. त्याची साल कागदासारख्या पापुद्र्यांनीं सुटते. उन्हाळ्यांत तें निष्पर्ण होतें. लांकूड हलकें, खोकीं व आगकाड्या करण्याच्या उपयोगाचें. नेपानगरच्या गिरणीनें तर या लांकडाच्या लगद्यापासून वर्तमानपत्राचा कागद काढला; तेव्हां कित्येक वाचकांनीं सकाळच्या चहाबरोबर सालई हातांत धरली असेल आणि त्यांना त्याची वार्ताही नसेल. हत्तींना हिचा पाला फार आवडतो म्हणून संस्कृतांत हिला ‘गजभक्ष्या’ असेंही नांव आहे. खोडाची साल थोडी काढली कीं तेथून एक सुवासिक चिकट रस पाझरतो. तो घट्ट झाला म्हणजे त्यास सालई गुग्गुळ किंवा कुंदुरु म्हणतात. ख्रिस्ती देवळांत जो अरबस्तानचा धूप जळतो, तो याच जातीच्या दुसऱ्या झाडांचा. खरा गुग्गुळ मात्र निराळा. तो एका कांटेरी झुडुपाचा डिंक होय. नांवांच्या या सारखेपणामुळें दोहोंचा घोटाळा होतो, आणि एकाची कीर्ति दुसऱ्याच्या खातीं जमा होते.

तसें थोडेंबहुत झालेंच आहे. जाहिराती ‘हजारों वर्षांचा अनुभव’ या शब्दांनीं आरंभ करतात. शल्लकी प्राचीन आहे यांत संशय नाहीं. पण चरकसंहितेंत तिचें नांव येतें तें पुरीषविरजनीय गणांत, म्हणजे मलाचा विकृत रंग पालटणाऱ्या द्रव्यांत. भावप्रकाशांत ती सांगितली आहे ती अतिसार, रक्तपित्त आणि व्रण यांवर. सांध्यांच्या दुखण्यांत वैद्यांचा मुख्य भर होता तो खऱ्या गुग्गुळावर, आणि त्याच्या जोडीला रास्ना, एरंड, निर्गुंडी यांवर. आज सालईचें नांव गुडघ्याशीं जें इतकें घट्ट जोडलें गेलें आहे, त्यांत पोथीपेक्षां प्रयोगशाळेचा वांटा मोठा आहे. यांत सालईस कांहीं कमीपणा येत नाहीं. फक्त साक्ष कोणाची घ्यावयाची तें ठरतें. पोथीची साक्ष पुरेशी नसल्यामुळें प्रयोगाची घेतली पाहिजे.

ती साक्ष सुरू होते जम्मू येथें. तेथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेंत जी. बी. सिंग व सी. के. अटल यांनीं सालईच्या राळेचा मद्यार्कांत काढलेला अर्क उंदरांवर तपासला व १९८६ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. उंदराच्या पंजांत मुद्दाम सूज उत्पन्न करावयाची आणि औषधानें ती किती उतरते तें मोजावयाचें, अशी ही नेहमींची रीत. सूज उतरली. पण त्याहून लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट अशी कीं, ऍस्पिरिनच्या जातीचीं औषधें सुजेबरोबर वेदना व तापही उतरवितात आणि जठराला व्रण पाडतात. या अर्काचा वेदनेवर व तापावर म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाहीं आणि जठरही शाबूत राहिलें. म्हणजे हें औषध सुजेशीं झगडत होतें खरें, पण त्याची वाट ऍस्पिरिनच्या वाटेहून वेगळी असावी.

ती वाट कोणती, हें समजण्यास मळ्यांतला पाट डोळ्यांपुढें आणावा. शरीरांतील पेशींच्या आवरणांत एक स्निग्ध आम्ल सांठविलेलें असतें. इजा झाली कीं तें मोकळें होतें आणि त्याचा प्रवाह दोन फाट्यांनीं वाहूं लागतो. एका फाट्यांतून प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें तयार होतात, दुसऱ्यांतून ल्यूकोट्राइन. दोन्हीं मिळून सूज, लाली, ठणका हा सगळा गोंधळ माजवितात. या संशोधनाबद्दल बर्गस्ट्रॉम, सॅम्युएल्सन व व्हेन या तिघांना १९८२ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. ऍस्पिरिन व तिच्या भगिनी पहिल्या फाट्याचें दारें बंद करतात. पण जठराच्या अस्तराचें रक्षण करणारें पाणीही त्याच फाट्यांतून येत असल्यामुळें तें अस्तर कोरडें पडतें, आणि वर्षानुवर्षें दुखण्याच्या गोळ्या घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला एके दिवशीं काळें शौच होतें. त्याच्या मूत्रपिंडांवरही ताण पडतो. दुसरा फाटा मात्र या गोळ्यांना दाद देत नाहीं.

सालई या दुसऱ्या फाट्यावर काम करते, असें जर्मनींतील ट्यूबिंगन येथें प्राध्यापक आम्मोन व त्यांचे सहकारी यांनीं १९९२ च्या सुमारास दाखविलें. राळेंतील बॉस्वेलिक आम्लें ल्यूकोट्राइन घडविणाऱ्या विकरास अडवितात, आणि त्या आम्लांपैकीं एक विशेष प्रबळ आहे. त्याच्या लांबलचक नांवाचें लघुरूप ‘अक्बा’ असें करतात. तें आम्ल या विकराच्या अंगावर नेमकें कोठें जाऊन बसतें, याचें स्फटिकचित्रही २०२० सालीं प्रसिद्ध झालें आहे. एवढ्यावरून कोणी टाळी वाजवील तर ती घाईची होईल. हीं आम्लें आंतड्यांतून रक्तांत फार थोडीं शिरतात. कांचेच्या नळीत विकर अडविण्यास जेवढें आम्ल लागतें, तेवढें माणसाच्या रक्तांत पुष्कळदां आढळत नाहीं. म्हणून औषध लागू पडत असलें तरी तें याच कारणानें पडतें कीं आणखी एखाद्या, यावर शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे. कारण ठाऊक नसतांनाही औषध गुणकारी असूं शकतें. आणि कारण अगदीं सुरेख मांडतां येत असतांही औषध निरुपयोगी ठरूं शकतें. निकाल शेवटीं रुग्णाच्या गुडघ्याकडूनच घ्यावा लागतो.

गुडघ्याकडून निकाल घेणें दिसतें तितकें सोपें नाहीं. सांध्याचें दुखणें चढतें आणि उतरतें. माणूस वैद्याकडे जातो तो दुखणें अगदीं शिगेला पोंचलें म्हणजे. तेव्हां त्यानंतर त्यास थोडा उतार पडावयाचाच, मग औषध खऱ्या डिंकाचें असो कीं पिठाच्या गोळीचें असो. शिवाय आशा ही स्वतःच एक औषधी आहे. म्हणून रुग्णांचे दोन गट करावे लागतात. एकास खरें औषध व दुसऱ्यास तशीच दिसणारी पोकळ गोळी द्यावी लागते, आणि कोणास काय दिलें हें रुग्णासही कळूं द्यावयाचें नाहीं व तपासणाऱ्या डॉक्टरासही नाहीं. सालईच्या बाबतींत यांत एक गंमतीची अडचण संभवते. तिला वास आहे. चौकस रुग्णानें कॅप्सूल फोडून हुंगली तर सगळा बेत फसावयाचा.

अशा रीतीचें एक परीक्षण सालईच्या माहेरीं, म्हणजे नागपुरासच झालें, आणि तें २००३ सालीं प्रसिद्ध झालें. इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांच्या या कामांत गुडघ्याच्या झिजेनें आजारी असलेले तीस रुग्ण होते. पंधरांना आठ आठवडे सालईचा अर्क, पंधरांना पोकळ गोळी. मग तीन आठवडे सर्व बंद. नंतर गट उलटे करून पुन्हां आठ आठवडे. याप्रमाणें प्रत्येक रुग्ण स्वतःशींच ताडून पाहतां आला. अर्क घेणाऱ्या सर्व रुग्णांची वेदना कमी झाली, गुडघा अधिक वांकूं लागला, चालण्याचें अंतर वाढलें, सूज येण्याचें प्रमाण घटलें. क्ष-किरणांच्या चित्रांत मात्र कांहींच बदल दिसला नाहीं.

हें शेवटचें वाक्य डबीवर कधीं छापलेलें आढळत नाहीं, आणि तेंच सर्वांत प्रामाणिक वाक्य आहे. झिजलेली कूर्चा सालईनें भरून आली असा पुरावा त्या परीक्षणांत नाहीं. आठ आठवड्यांत तो मिळणेंही शक्य नव्हतें. पहिल्या वाक्यांतील ‘सर्व’ या शब्दावरही थोडें थबकलें पाहिजे. वैद्यकांत सर्वांना गुण येणें ही इतकी विरळ गोष्ट आहे कीं ती दिसली म्हणजे परीक्षकानें आनंदापूर्वीं भुंवई उंचवावी. तीस हा आंकडाही लहान. तथापि काम पद्धतशीर होतें आणि पुढच्या कामाला त्यानें दिशा दिली.

पुढचें कामही नागपूरचेंच. तें २००७ सालीं प्रसिद्ध झालें. यांत सहासष्ट रुग्ण होते, व सालईची तुलना पोकळ गोळीशीं नव्हे तर व्हाल्डेकॉक्सिब या त्या काळच्या नव्या वेदनाशामकाशीं केली होती. मुदत सहा महिने. व्हाल्डेकॉक्सिबचा गुण महिन्याभरांत आला, सालईचा यावयास दोन महिने लागले. पण औषधें थांबविल्यावर पहिल्याचा गुण लगेच सरला, सालईचा पुढें महिनाभर टिकला. सालई हळू चढते आणि हळू उतरते, असें या कामावरून दिसतें. यांतील उणीव अशी कीं, कोण काय घेत आहे हें झांकलेलें नव्हतें. रुग्णांना व डॉक्टरांना तें ठाऊक होतें. दोन्ही परीक्षणें शेजारीं ठेवलीं म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानांत येते. सालईचा परिणाम महिनाभर रेंगाळत असेल, तर पहिल्या परीक्षणांतील तीन आठवड्यांची विश्रांति अपुरी होती. ज्यांना आधीं सालई मिळाली, त्यांच्या पोकळ गोळीच्या काळांतही तिचा अंश उरला असावा, आणि त्यामुळें दोहोंतील अंतर वाढण्याऐवजीं कमीच दिसावयास हवें. म्हणजे ही चूक सालईच्या बाजूची नसून तिच्या विरुद्धची होय.

त्या व्हाल्डेकॉक्सिबचें काय झालें तेंही सांगितलें पाहिजे. हृदयाला व त्वचेला होणाऱ्या गंभीर अपायांच्या भीतीमुळें तें २००५ सालीं अमेरिकेच्या बाजारांतून काढून घेण्यांत आलें. त्याच्याच जातीचें रोफेकॉक्सिब त्याआधीं एक वर्ष गेलें होतें. वनस्पतीच्या औषधांकडे लोक पुन्हां वळले त्यास हीही एक पार्श्वभूमि आहे, आणि त्या लोकांना सरसकट भोळे म्हणणें अन्यायाचें होईल.

येथपर्यंत जें सांगितलें तें झिजेच्या संधिवाताविषयीं. आपल्या बोलण्यांत ‘संधिवात’ या एका शब्दांत तीन-चार वेगवेगळे रोग कोंबलेले असतात, आणि खरा धोका येथेंच आहे. डॉक्टर ज्यास रुमॅटॉइड म्हणतात, तो आमवाताशीं मिळताजुळता रोग झिजेचा नाहीं. त्यांत शरीराची संरक्षक सेना स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. तो तरुण बायकांनाही होतो. सकाळीं उठतांना बोटें आखडतात, दोन्हीं हातांचे सांधे एकदमच सुजतात. त्यावर मेथोट्रेक्सेटसारखीं औषधें आहेत, आणि पहिल्या कांहीं महिन्यांत तीं सुरू झालीं तर सांधे वांचविण्याची पुष्कळ आशा असते. या रोगांत सालईचें झांकलेलें परीक्षण जर्मनींत झालें व १९९८ सालीं प्रसिद्ध झालें. सदतीस रुग्णांना त्यांच्या चालू औषधांच्या जोडीला बारा आठवडे सालईचा अर्क किंवा पोकळ गोळी देण्यांत आली. दोन गटांत मोजण्यासारखा फरक पडला नाहीं. हा निष्कर्ष जाहिरातींत येत नाहीं, आणि ‘संधिवातावर उत्तम’ एवढेंच वाचून एखादी तिशींतली बाई मेथोट्रेक्सेटला घाबरून डबीच्या आधारानें वर्ष घालविते. त्या वर्षांत बोटांचीं हाडें जीं कुरतडलीं जातात तीं पुन्हां भरून येत नाहींत. पुढें तिला भाकरी थापतां येत नाहीं. तिला सालईनें अपाय केला असें कोणी म्हणणार नाहीं, पण तिचे हात गेले.

झिजेच्या गुडघ्याकडे परत वळावें. सर्व परीक्षणें एकत्र तोलण्याचें काम करणारी कॉक्रेन नांवाची जागतिक संस्था आहे. तिच्या २०१४ च्या आढाव्यांत, ज्यांत ‘अक्बा’ मुद्दाम वाढविलेलें आहे अशा अर्काचीं दोन परीक्षणें, मिळून पंच्याऐंशी रुग्णांचीं, जमेस धरलीं होतीं. रोज १०० मिलिग्रॅम अर्क नव्वद दिवस घेतल्यावर, शंभर अंशांच्या मापावर पोकळ गोळीवाल्यांची वेदना सरासरी ४० होती. अर्कवाल्यांची तिच्याहून १७ नें कमी. हालचालींतील सुधारणा त्याहून बेताची, ८ अंशांची. पुढें २०२० सालीं दुसऱ्या एका आढाव्यानें सात परीक्षणांतील ५४५ रुग्ण एकत्र मोजले आणि निदान चार आठवडे तरी औषध घ्यावें असें सुचविलें. आंकडे सालईच्या बाजूचे आहेत. पण हीं परीक्षणें बहुतेक लहान व थोड्या मुदतीचीं आहेत, आणि पुष्कळांत अर्क तयार करणाऱ्या व्यवसायाचा पैसा किंवा माणूस गुंतलेला आहे. आपल्या गुळाला आपणच गोड म्हणावें, त्यांत खोटें असेलच असें नाहीं. परंतु गिऱ्हाइकानें दुसऱ्याच्या जिभेचीही साक्ष मागावी. दोन-तीन वर्षें चाललेलें, शेंकडों रुग्णांचें, व्यापाऱ्याच्या पैशावर न पोसलेलें परीक्षण झाल्याखेरीज ‘सिद्ध’ हा शब्द सालईस शोभणार नाहीं. ‘आशादायक’ हा मात्र शोभतो, आणि गुडघ्यासाठीं विकल्या जाणाऱ्या कित्येक वस्तूंस तोही शोभत नाहीं.

दुसरी गोष्ट मालाची. जें परीक्षण झालें तें एका ठराविक अर्काचें. नागपूरच्या रुग्णांनीं रोज सुमारें एक ग्रॅम साधा अर्क घेतला. वरच्या दोन परीक्षणांत ‘अक्बा’ वाढविलेला अर्क फक्त १०० मिलिग्रॅम होता. बाजारांतील डबीवर नुसतें ‘शल्लकी’ एवढेंच लिहिलेलें असेल तर ती यांपैकीं कोणती, हें कळण्यास मार्ग नाहीं. युरोपच्या औषधिकोशानें सालईच्या राळेंत मुख्य दोन बॉस्वेलिक आम्लें प्रत्येकीं निदान शेंकडा एक असलीं पाहिजेत असें बंधन घातलें आहे. अमेरिकेंत १९९४ च्या कायद्यानें अशा वस्तूंना ‘आहारपूरक’ हा दर्जा मिळाला, आणि विक्रीपूर्वीं गुण सिद्ध करून दाखविण्याची जबाबदारी तेथें विकणाऱ्यावर नाहीं. तेव्हां ‘अमेरिकेंत विकली जाते’ ही शिफारस नव्हे.

ज्याचें दुखणें झिजेचेंच आहे असें डॉक्टरानें पाहून सांगितलें आहे, त्यानें सालई घेऊन पाहण्यास हरकत थोडी आहे. अपाय झाला तर तो बहुधा मळमळ, जळजळ किंवा पातळ शौच एवढाच. रक्त पातळ ठेवण्याचीं औषधें घेणाऱ्यानें मात्र विचारल्यावांचून घेऊं नये. दोहोंच्या संयोगानें रक्त अधिकच पातळ झाल्याचीं उदाहरणें नमूद आहेत. उपाशीपोटीं घेतलेल्या कॅप्सूलपैकीं फारच थोडा अंश रक्तांत जातो. स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणाबरोबर घेतल्यास तो कितीतरी पटींनीं अधिक जातो, म्हणून ती वरणभातावरच्या तुपाच्या सोबतीनें घ्यावी. दोन-तीन महिन्यांत फरक वाटला नाहीं तर सोडून द्यावी. मांडीच्या स्नायूंचा रोजचा व्यायाम आणि स्थूल माणसानें उतरविलेलें वजन यांच्या बाजूचा पुरावा सालईहून कितीतरी भक्कम आहे. पण तो डबींत भरून विकतां येत नसल्यामुळें त्याची जाहिरात कोणी करीत नाहीं.

राहतां राहिलें झाड. मध्य प्रदेशांत श्योपूरच्या रानांत सहरिया लोक सालईचा डिंक गोळा करतात, आणि त्या कष्टावर त्यांच्या घरांत चार पैसे येतात. साल बेताची काढली व झाडाला मधून विश्रांति दिली तर तें पुष्कळ वर्षें डिंक देतें. मागणी वाढली कीं खांचा खोल जातात, जखमा भरून येत नाहींत, आणि झाड वठतें. सालईचें बीं फार थोडें रुजतें. पावसाळ्याच्या तोंडाला जाड फांदी तोडून जमिनींत पुरली तर ती मात्र पालवते, आणि ज्यांना हें झाड हवें आहे त्यांना तें वाढविण्याचा हाच रस्ता जवळचा आहे.